पुढचा दात तुटला तर: दुरुस्ती ओळखू येऊ नये म्हणून काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

वरच्या ओळीतले मधले दोन दात सगळ्यांत पुढे असतात, त्यामुळे मार बसला की बहुतेक वेळा तुटतात तेच. क्रिकेटचा बॉल, घसरलेली स्कूटर, ओल्या बाथरूममधली फरशी, पोहण्याच्या तलावाची कड, कबड्डीत लागलेलं कोपर. दवाखान्यात आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न दुखण्याबद्दल क्वचितच असतो. तो विचारतो, "डॉक्टर, कळणार तर नाही ना?"

नीट केलं तर बहुतेक वेळा कळत नाही. पण त्यासाठीची निम्मी कामं ड्रिल सुरू होण्याआधीची असतात, आणि त्यातली बरीचशी पेशंटच्याच हातात असतात. तीच इथे क्रमाने सांगतो. दातांचा डॉक्टर असल्यामुळे काही ठिकाणी माझी मतंही येतील.

तुकडा शोधा आणि ओला ठेवा

तुटलेल्या तुकड्याइतका रंगाला जुळणारा पदार्थ कुठल्याही कंपनीच्या पेटीत नसतो. तुकडा मिळाला तर पाण्याखाली हलकेच धुवा आणि छोट्या डबीत दुधात किंवा सलाइनमध्ये ठेवा. दोन्ही नसेल तर स्वतःच्या लाळेत चालेल. रुमालात किंवा कागदात गुंडाळून आणू नका. कोरडा पडलेला तुकडा खडूसारखा पांढरा होतो आणि चिकटवल्यावर काही दिवस वेगळा दिसतो. तसा आणलाच असेल तर डॉक्टरला सांगा, थोडा वेळ भिजवून मग जोडता येतो.

तुकडा सापडत नाही आणि ओठही फाटलाय, अशा वेळी ओठाचाही एक्स-रे काढायला सांगा. दाताचा तुकडा ओठात रुतून बसलेला निघतो, आणि वरून टाके घातले गेले तर आतच राहतो.

अख्खा दात मुळासकट बाहेर आला असेल तर ती वेगळी आणि जास्त घाईची गोष्ट. कायमचा दात असेल तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती असेल तर काही सेकंद धुवा, घासू नका. जमलं तर जागेवर बसवून रुमाल चावून धरा, नाही जमलं तर दुधात घाला आणि अर्ध्या तासाच्या आत दवाखाना गाठायचा प्रयत्न करा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, खालून येणाऱ्या दाताला इजा होऊ शकते.

दिसण्याआधी दाताची तब्येत

तुटलेल्या जागी मधोमध गुलाबी किंवा लाल ठिपका दिसतो का, ते बघा. दिसला तर नस उघडी पडली आहे आणि त्याच दिवशी उपचार हवेत. लहान वयात बहुतेक वेळा नसेचा वरचा थोडासाच भाग काढून वर औषध भरून बाकीची नस जिवंत ठेवता येते. दात तुटला म्हणून लगेच रूट कॅनल, असं समीकरण नाही.

मार लागल्यावर पहिले काही आठवडे नस जिवंत आहे की नाही हे थंड लावून केलेल्या चाचणीतूनही नक्की कळत नाही. म्हणून ६ ते ८ आठवड्यांनी आणि मग वर्षाने परत तपासायचं असतं. याचा दिसण्याशी थेट संबंध आहे. नस हळूहळू मेली तर दात राखाडी पडतो आणि आधी जुळवलेला रंग फसतो. त्यामुळे मार लागल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत महागडा व्हिनिअर (दातावर पुढून चिकटवायचा पातळ पापुद्रा) किंवा कॅप (दातावर चढवायचं पूर्ण टोपण) करायची घाई नको. कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण्याचं मटेरियल, भरून दात वापरात आणा आणि वाट बघा.

रूट कॅनल करावंच लागलं तर डॉक्टरला एक गोष्ट आवर्जून विचारा: दाताच्या मुळामध्ये भरलेलं मटेरियल हिरडीच्या पातळीच्या खाली कापून दाताचा वरचा भाग आतून साफ केला आहे ना? ते वरच्या भागात राहून गेलं की काही महिन्यांनी दात आतून काळवंडायला लागतो.

हिरड्यांमधून रक्त येत असेल तर आधी दात साफ करून घ्या आणि आठवडा-दोन आठवडे नीट ब्रश करा. रक्त आणि चिकटवण्याचं द्रव्य यांचं जमत नाही. हिरडीजवळची कड नीट चिकटली नाही की तिथे पुढे तपकिरी रेघ दिसायला लागते.

कमीत कमी कापणारा पर्याय आधी

पुढच्या दातासाठी साधारण चार रस्ते आहेत: तोच तुकडा चिकटवणं, कॉम्पोझिट भरणं, व्हिनिअर, कॅप. याच क्रमाने विचार करायचा. तुकडा किंवा कॉम्पोझिटसाठी दात जवळपास कापावाच लागत नाही. व्हिनिअरसाठी पुढच्या बाजूने साधारण अर्धा मिलिमीटर जातो. कॅपसाठी सगळ्या बाजूंनी एक ते दीड मिलिमीटर आणि टोकाकडून दीड ते दोन मिलिमीटर. आकडे लहान वाटतात, पण पुढचा दातच मुळात पातळ असतो. कॅपखाली उरतो तो एक खुंट.

अर्ध्याहून जास्त दात शाबूत असेल तर माझा कौल कॉम्पोझिटला. पंचवीस वर्षांच्या जिवंत दातावर "कॅपच बसवू, मजबूत होईल" असं कोणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. शाळा-कॉलेजच्या वयात तर कॅप टाळलेलीच बरी. त्या वयात नस मोठी असते, हिरडीची पातळी अजून बदलत असते, आणि आज हिरडीखाली लपवलेली कॅपची कड काही वर्षांनी उघडी पडते.

आणखी एक सूचना कानावर येईल: "शेजारच्या दातालाही कॅप घालू, म्हणजे दोन्ही सारखे दिसतील." दोन सारख्या कॅप बनवणं सोपं आणि एका कॅपला शेजारच्या खऱ्या दाताशी जुळवणं अवघड, हे खरंच आहे. पण आपली अडचण टाळण्यासाठी धडधाकट दात कापणं मला पटत नाही.

दात पांढरे करायचे असतील तर क्रम उलटा करू नका

कॉम्पोझिट आणि सिरॅमिक (कॅप-व्हिनिअरचं मटेरियल) ब्लीचिंगने पांढरं होत नाही. त्यामुळे सगळे दात उजळवायची इच्छा असेल तर ते आधी, आणि कायमचं काम त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. मधला वेळ दोन कारणांसाठी लागतो: रंग स्थिरावायला आणि दातात उरलेला ऑक्सिजन निघून जायला, कारण तो असेल तर कॉम्पोझिटची पकड कमजोर होते. लग्न ठरल्यावर येणारी मंडळी नेमकी इथे अडकतात. हळदीच्या आदल्या आठवड्यात सगळं एकदम होत नाही. दीड-दोन महिने हातात ठेवून या.

रंग: ओल्या दातावर, उजेडात, सगळ्यांत आधी

तोंड उघडं राहिलं की काही मिनिटांतच दात सुकतो आणि खऱ्या रंगापेक्षा पांढरा, अपारदर्शक दिसू लागतो. परत मूळ रंगावर यायला कधीकधी दिवस जातो. म्हणून रंग बघणं हे खुर्चीत बसल्यावरचं पहिलं काम. इंजेक्शन, कापूस, रबर डॅम (लाळ अडवणारा दाताभोवतीचा रबरी पडदा), सगळं त्यानंतर. तासभर काम झाल्यावर डॉक्टर शेड-गाइड, म्हणजे दातांच्या रंगांची पट्टी, शोधायला लागला तर तो सुकलेल्या दाताचा रंग टिपतोय.

त्या दिवशी तुम्ही एवढं करा:

- सकाळी दहा-अकरा ते दुपारी तीनच्या मधली वेळ घ्या. रंग खिडकीच्या उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, असा बघायला सांगा.
- लिपस्टिक लावू नका. भडक लाल किंवा पिवळे कपडे टाळा, त्यांची झाक नजरेला फसवते.
- दात तुटण्याआधीचा, हसतानाचा जवळून काढलेला फोटो आणा. सेल्फी असेल तर सांगा, कारण काही फोनमध्ये सेल्फी आरशासारखी उलटी साठवली जाते आणि डावा दात उजवा होऊन बसतो.

डॉक्टरांकडे जी रंगांची पट्टी असते ती बहुतेक ठिकाणी व्हिटा क्लासिकल. तिच्यात १६ छटा, चार गटांत: ए लालसर तपकिरी, बी लालसर पिवळा, सी राखाडी, डी लालसर राखाडी. आकडा वाढत जातो तसा रंग गडद. पण यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे उजळपणा. छटा किंचित चुकली तर चार फुटांवरून कोणाला कळत नाही, उजळपणा चुकला तर दाराशी उभ्या माणसालाही कळतं. तो तपासायला एक सोपी युक्ती आहे. पट्टीचा तुकडा दाताशेजारी धरून मोबाइलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. रंग गेला की उजेड-अंधारातला फरक तेवढा उरतो.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे डॉक्टरने प्रत्यक्ष कॉम्पोझिटचा वाटाण्याएवढा गोळा, चिकटवण्याचं द्रव्य न लावता, तुमच्या दातावर ठेवून लाइटने कडक करणं. लाइटखाली कॉम्पोझिटचा रंग थोडा बदलतो, त्यामुळे ट्यूबवरच्या नावावर भरवसा ठेवण्यापेक्षा हे बरं. गोळा नखाने निघून येतो.

दात एका रंगाचा नसतो, हेही लक्षात ठेवा. हिरडीजवळ तो पिवळसर, मध्ये भरीव, टोकाशी काचेसारखा निळसर, आणि अगदी कडेला कधी बारीक पांढरी रेघ. म्हणून मोठा कोपरा तुटला असेल तर आत अपारदर्शक डेंटिनची (दाताच्या आतल्या थराची) छटा आणि वर पारभासक इनॅमलची (बाहेरच्या कवचाची), असे थर लागतात. सगळं एकाच पारभासक छटेत भरलं तर मागचा तोंडातला अंधार त्यातून दिसतो आणि भरलेला भाग करडा वाटतो. अगदी छोट्या टवक्याला मात्र एक छटा पुरते.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि तिथे वाढलेल्यांच्या दातांवर पांढरे ढग किंवा तपकिरी डाग असतात. अशा तोंडात एकच स्वच्छ, डागविरहित दात बसवला तर तोच खटकतो. डॉक्टरने भरताना थोडे पांढरे ढग मुद्दाम घालावेत, किंवा आधी शेजारच्या दातांचे डाग सौम्य करून मग रंग ठरवावा. या दातांवर, चिकटवण्याआधी लावतात त्या ॲसिडचा परिणाम व्हायला जास्त वेळ लागतो, हेही डॉक्टरच्या कानावर घाला: तुमचं गाव कोणतं ते सांगितलं की पुरे.

आकाराची रंगीत तालीम

दुरुस्ती ओळखू आली की लोक म्हणतात, रंग चुकला. बऱ्याचदा रंग ठीक असतो आणि आकार चुकलेला असतो. दाताच्या पुढच्या भागावर दोन उभ्या कडा असतात, तिथून उजेड वळतो. त्या कडा शेजारच्या दातापेक्षा दूर गेल्या तर दात रुंद दिसतो, जवळ आल्या तर अरुंद, माप तेच असलं तरी.

म्हणून मोठं काम असेल तर तालीम मागा. एक पद्धत अशी: माप घेऊन केलेल्या दातांच्या प्रतिकृतीवर मेणाने पूर्ण दात घडवतात, त्यावर रबरासारख्या पुट्टीचा साचा घेतात, आणि तोच साचा तोंडात मागून धरून पहिला थर भरतात. टोकाची लांबी आणि मागचा आकार तिथेच पक्का होतो. दुसरी पद्धत, चिकटवण्याचं द्रव्य न लावता कॉम्पोझिटने दात उभा करून बघायचा आणि मग काढून टाकायचा.

तालमीच्या वेळी खुर्चीत आडवे राहू नका, उठून बसा. आडवं असताना ओठ वेगळे पडतात. "वाटी, विहीर, वेळ" म्हणून बघा, दाताचं टोक खालच्या ओठाला हलकेच टेकायला हवं. "सासू, सायकल" म्हणताना शिट्टी वाजत असेल तर आकारात काहीतरी चुकलंय. आरसा हातभर लांब धरा. चार इंचांवरून तुमचे दात फक्त तुमचा डॉक्टर बघतो.

खुर्चीत काय होतं

१९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर या अमेरिकी दंतवैद्याने फॉस्फोरिक ॲसिडने इनॅमल खरखरीत करून त्यावर रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ, चिकटवता येतं हे दाखवलं. आजचं सगळं काम त्याच तत्त्वावर उभं आहे. आता साधारण ३७ टक्क्यांचं ॲसिड इनॅमलवर १५ ते ३० सेकंद ठेवतात, धुतात, आणि सुकवल्यावर तो भाग दुधी काचेसारखा दिसतो. मग बाँडिंग (चिकटवण्याचं द्रव्य), लाइट, आणि जास्तीत जास्त दोन मिलिमीटरच्या थरांत कॉम्पोझिट.

यात तुमचं काम एकच: ॲसिड धुतल्यापासून लाइट पडेपर्यंत लाळ लागू न देणं. मध्येच थुंकायला उठू नका. रबर डॅम लावणारा डॉक्टर मिळाला तर ही चिंता मिटते.

जोड लपतो तो तुटलेल्या कडेला दिलेल्या लांब उतारामुळे. सरळ कापलेल्या कडेवर भरलं की रेघ दिसते. उतार थोडा नागमोडी केला आणि कॉम्पोझिट त्यावर विरत नेलं की नजर कुठे थांबावी हे तिला कळत नाही. पुढच्या दाताचं असं काम घाईत होत नाही, तास-दीड तास लागतो. दोन पेशंटच्या मध्ये "पटकन भरून देतो" म्हणणाऱ्याला सांगा, मी मोकळ्या वेळी येतो.

चावा तपासताना नुसते दात मिटून भागत नाही. खालचा जबडा पुढे सरकवून टोकावर टोक आणा, डावी-उजवीकडे घासा. चावायला दिलेल्या रंगीत कागदाचा ठिपका फक्त नव्या भागावर उमटत असेल तर तो भाग आधी तुटणार.

काम संपल्यावर आरशात बघून घाबरू नका. शेजारचे दात सुकून पांढरे झालेले असतात, नवा भाग त्यांच्यापुढे गडद वाटतो. त्याच दिवशी बदलायला लावलंत तर उद्या तो उजळ निघेल. निकाल दुसऱ्या दिवशी बघा.

आणि पॉलिशसाठी आठवड्याने परत या. हा फेरा लोक सर्रास टाळतात आणि त्यातच काम फसतं. तरुण दातावर बारीक आडव्या रेषा असतात, वयाबरोबर त्या झिजतात. विशीतल्या दाताशेजारी गुळगुळीत, आरशासारखा भाग केला तर तो नव्या स्टीलच्या वाटीसारखा चमकतो. डॉक्टरने त्या रेषा हलक्या हाताने कोराव्यात, मग खरखरीत ते बारीक अशा चकत्यांनी चमक आणावी.

कॅपच करावी लागली तर

दात फारच कमी उरला असेल किंवा रूट कॅनल झालेला मोठा तुटका दात असेल तर कॅप लागते. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप मजबूत, पण हिरडी थोडी सरकली की कडेला काळी रेघ दिसते. म्हणून पुढे ती नको. लिथियम डायसिलिकेट हे काचेसारखं सिरॅमिक उजेड आत घेतं, खऱ्या दाताच्या जवळ जातं. झिर्कोनिया हे दुसरं सिरॅमिक अधिक मजबूत. त्यातले पुढच्या दातांसाठीचे पारभासक प्रकार दिसायला बरे, पण ताकदीत थोडे कमी.

पारभासक कॅपमधून खालचा खुंट डोकावतो. तो काळा असेल तर कॅपही मळकट दिसणार. रूट कॅनल झालेला दात आधी आतून ब्लीच करून घेता येतो, मुळाच्या तोंडावर पक्कं सील करूनच. आत दांडी बसवायची असेल तर धातूच्या ऐवजी फायबरची मागा. आणि लॅबला दोन रंग कळवायला सांगा: शेजारच्या दाताचा आणि कापलेल्या खुंटाचा. नुसती "ए-२" लिहिलेली चिठ्ठी पाठवली तर लॅबमधला माणूस अंदाजाने काम करतो. रंगपट्टी फ्रेममध्ये धरलेले फोटो सोबत जायला हवेत. लॅब तुमच्याच शहरात असेल तर स्वतः जाऊन बसा, त्याहून चांगलं काही नाही.

तात्पुरती कॅप म्हणजे फुकटची तालीम. आठवडा-दोन आठवडे वापरा, घरच्यांना विचारा, लांबी-रुंदीतले बदल त्यातच करून घ्या आणि मग त्याची नक्कल पक्क्या कॅपमध्ये उतरवायला सांगा.

पक्की कॅप आली की कायमचं सिमेंट लावण्याआधी ती नुसती बसवून, उठून, खिडकीपाशी जाऊन बघा. जिच्या मताला तुम्ही घरी मान देता ती व्यक्ती सोबत असू द्या. पटलं नाही तर परत पाठवायला लावा. रेझिन सिमेंटने चिकटलेली कॅप पुढे काढायची म्हणजे कापूनच काढावी लागते.

डॉक्टर निवडताना

एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या) दोन शाखा इथे कामाच्या: कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री, म्हणजे भरणं आणि रूट कॅनल, आणि प्रोस्थोडॉन्टिक्स, म्हणजे कॅप-ब्रिज. मूल असेल तर पिडोडॉन्टिस्ट, म्हणजे मुलांच्या दातांचे तज्ज्ञ. पण पदवीपेक्षा स्वतः केलेल्या पुढच्या दातांचे आधी-नंतरचे फोटो मागा. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांमध्ये या शाखा आहेत. खेटे जास्त पडतात, पण काम तपासणारी माणसं डोक्यावर असतात.

नंतरची काळजी

पहिले दोन दिवस हळदीची आमटी, चहा, जांभळं, कोकम सरबत, बीट लांब ठेवा. कायमची बंदी तंबाखू, पान आणि मिश्रीवर. मिश्रीने घासलेलं कॉम्पोझिट काही महिन्यांत तपकिरी पडतं. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश सांगितला असेल तर सांगितले तितकेच दिवस वापरा, त्याचेही डाग पडतात. कोळशाच्या पावडरी चमक घालवतात.

ऊस सोलायचा, पेरू किंवा मक्याचं कणीस पुढच्या दातांनी तोडायचं, बाटलीचं झाकण उघडायचं, दोरा तोडायचा, ही कामं त्या दाताकडून घेऊ नका. फळं कापून खा. रात्री दात खात असाल तर नाइट गार्ड बनवून घ्या. मुलगा हॉकी, कबड्डी किंवा बॉक्सिंग खेळत असेल तर माउथगार्ड.

वर्षातून एकदा पॉलिश करून घ्या. हिरडीवर पुळी आली किंवा दात हळूहळू काळपट व्हायला लागला तर दुखत नसलं तरी एक्स-रे काढा. कॉम्पोझिट जन्मभराचं नसतं, काही वर्षांनी डागडुजी लागतेच, आणि तोवर तुम्ही कदाचित दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरकडे असाल. म्हणून निघण्याआधी वापरलेल्या कॉम्पोझिटची कंपनी, डेंटिन आणि इनॅमलच्या छटा, आणि रंग बघताना काढलेला पट्टीसकटचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन ठेवा.